हळद लावण्याआधी

खेड्यातली माणसे दुखणे अंगावर काढतात, असे शहरात बसून म्हणणे सोपे असते. तालुक्याला जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, सोबत येणाऱ्याचाही खाडा होतो. एवढे करून डॉक्टर जागेवर सापडतील याची खात्री नाही. शहरात तरी काय वेगळे? नंबर लावून दोन तास ताटकळायचे आणि तपासण्यांची चिठ्ठी घेऊन परतायचे. म्हणून घरोघरी हळद, बाम आणि मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या यांचे एक छोटे औषधालय असतेच. त्यात लाजण्यासारखे काही नाही. किरकोळ दुखणी बहुतेक आपली आपण बरी होतात, आपण फक्त त्यांच्या आड यायचे नसते.

नडते ते दोन ठिकाणी. जे लावायला नको ते लावले जाते, आणि वाट किती पाहायची हे ठरलेले नसते. ‘उद्या बघू’ म्हणता म्हणता आठवडा सरतो. यातले पहिले माहितीने सुधारते. दुसऱ्यासाठी एकच उपाय मला पटतो: घरी उपचार सुरू करतानाच मुदत ठरवायची आणि ती घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगायची. ‘बुधवार सकाळपर्यंत सूज उतरली नाही तर जायचे.’ दुसऱ्याला अशासाठी, की दुखणाइताची मुदत पुढे ढकलण्याची तयारी अमर्याद असते.

आधी जखमेचे बघू, कारण सगळ्यात जास्त उद्योग तिच्यावरच होतात. विळीवर बोट कापले, खुरपे पायाला लागले, उसाच्या फडात कोयता निसटला, की पहिले काम रक्त थांबवण्याचे. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवायची, तळव्याने घट्ट दाबायची आणि घड्याळ बघून दहा मिनिटे दाबून धरायची. ‘थांबले का’ म्हणून दर मिनिटाला कापड उचलायचे नाही, कारण नुकती धरू लागलेली गुठळी त्याच्यासोबत निघून येते. कापड भिजले तर त्याच्यावरच दुसरे ठेवा. हात किंवा पाय उंच धरा. दहा मिनिटांनी थांबले नाही तर आणखी दहा मिनिटे दाबा. तरीही वाहत असेल, किंवा रक्त पहिल्यापासूनच उसळ्या मारत येत असेल, तर दाब न सोडता दवाखाना गाठा.

रक्त थांबले की धुणे. जखमेच्या उपचारातला सगळ्यात मोठा वाटा या धुण्याचा आहे आणि तोच बहुतेक लोक अर्ध्या मिनिटात उरकतात. पिण्याजोग्या पाण्याच्या धारेखाली जखम पाच ते दहा मिनिटे धरा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने सावकाश, पण सलग धार धरा. साबण जखमेच्या भोवतालच्या कातडीला लावा. माती-खड्याचे कण दिसत असतील तर उकळून घेतलेल्या चिमट्याने काढा. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पाणी न घालता ओतलेले जंतुनाशक जखमेत घालू नका. फेस आला, चरचरले, म्हणजे जंतू मेले असे वाटते, पण त्यात नव्याने भरून येणाऱ्या पेशीही मरतात. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीनचा पातळ थर किंवा साधी पेट्रोलियम जेली लावून पट्टी बांधा आणि ती रोज बदला. ‘जखम उघडी ठेवा, लवकर सुकेल’ हा सल्ला जुना आहे आणि चुकीचा आहे. थोडी ओलसर, झाकलेली जखम लवकर भरते आणि व्रणही कमी राहतो.

आता हळद. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्याकडे या विजयाचा अर्थ ‘हळद सिद्ध झाली’ असा घेतला गेला. खरे तर पेटंट रद्द झाले ते हा उपयोग नवा नाही म्हणून. आपल्या फोडणीच्या डब्यातली, ओला चमचा शंभरदा फिरलेली हळद निर्जंतुक आहे असा निवाडा त्यात कुणी दिलेला नाही. खरचटल्यावर, धुऊन झाल्यावर चिमूटभर लावलीत तर बहुधा काही बिघडणार नाही. खोल जखमेत मात्र भरू नका. टाका घालायची वेळ आली तर डॉक्टरला आधी ती सगळी खरवडून काढावी लागते, आणि तेव्हा ओरडायचे असते ते रुग्णाला. दगडी पाल्याच्या रसाचेही तेच. पाला बांधावरचा, चोळणारे हात शेतातले. चुना, तंबाखू, राख आणि शेण यांना तर हातच लावू नका. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणातच राहतात. गंजलेल्या खिळ्याची जी भीती आपल्याला असते ती गंजाची नसावी, खिळ्याला लागलेल्या मातीची असावी. मातीची जखम असेल आणि शेवटचे धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर ते घ्या, शक्यतो चोवीस तासांच्या आत. स्वच्छ, छोट्या जखमेला ही मर्यादा दहा वर्षांची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मिळते.

टाके लागतील का, हे ओळखायला फार ज्ञान लागत नाही. जखमेच्या कडा आपोआप जुळत नसतील, आत पिवळट चरबी दिसत असेल, जखम चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, तर टाके. बोट कापल्यावर ते वाकत नसेल किंवा टोकाला बधिर वाटत असेल, तर जखम लहान दिसली तरी स्नायूबंध किंवा नस तुटलेली असू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, पहिल्या सहा-आठ तासांत गेलेले बरे.

घरी ठेवलेल्या जखमेची मुदत ४८ तास. जखमेभोवती लाली असेल तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली असेल तर आणखी थांबू नका. पू, ताप, जखमेपासून वर सरकणारी लाल रेषा, काखेत किंवा जांघेत आलेले अवधाण, यांपैकी काहीही दिसले तर ४८ तासही थांबायचे कारण नाही. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पायाच्या जखमेला ही मुदत लागूच होत नाही. त्यांनी पायातले कुरूप ब्लेडने घरी कापू नये, आणि पायावर फोड दिसला तर तो दुखत नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. मधुमेहात अनेकदा संवेदनाच गेलेली असते, म्हणून दुखत नाही.

भाजण्याच्या बाबतीत घरातल्यांचे काम डॉक्टरपेक्षाही मोठे आहे, कारण ते काम पहिल्या काही मिनिटांतच करायचे असते. कुकरची वाफ लागली, उकळता चहा सांडला, तव्याला हात चिकटला, तर बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच काढा, कारण थोड्या वेळात सूज येते आणि मग ती कापावी लागतात. भाजलेला भाग साध्या, थंडगार पण बर्फाच्या नव्हे, अशा वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. वीस मिनिटे फार लांब असतात, दोन मिनिटांतच बरे वाटते आणि माणूस नळ बंद करतो. पण वरून कातडी गार लागली तरी आत उष्णता मुरत असते आणि नुकसान चालूच असते. लगेच जमले नाही तर तीन तासांच्या आत केलेल्या गार पाण्याचाही उपयोग होतो. भाग मोठा असेल आणि लहान मूल असेल तर बाकीचे अंग मात्र पांघरुणात ठेवा, नाहीतर ते गारठते. चिकटलेले कापड ओढू नका. फोड फोडू नका. आतल्या कच्च्या कातडीला त्याच्याइतके चांगले झाकण बाजारात मिळत नाही.

टूथपेस्ट, शाई, तूप, कच्चा बटाटा, अंड्याचा बलक, कोरफडीचा चिरलेला गर: यांतले काहीही ताज्या भाजलेल्यावर लावू नका. इथे कुणी म्हणेल, पण बटाट्याच्या साली तर मुंबईत रुग्णालयातही वापरल्या. खरे आहे. परळच्या वाडिया बालरुग्णालयात उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात केळीच्या पानांचे ड्रेसिंग भाजलेल्या रुग्णांवर वापरले गेले आणि त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. पण ते पान आणि ती साल निर्जंतुक केलेली होती, आणि त्यांचा उपयोग औषध म्हणून नव्हता. जखमेला न चिकटणारे स्वस्त आवरण, एवढेच त्यांचे काम. घरी तेच काम स्वच्छ धुतलेला, इस्त्री केलेला सुती रुमाल करतो.

फोड आलेला भाग रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा असेल. चेहरा, हात, पाय, सांधा किंवा गुप्तांग भाजले असेल. विजेच्या धक्क्याने किंवा रसायनाने भाजले असेल. कातडी पांढरी वा काळी पडून दुखतच नसेल. किंवा रुग्ण तान्हे मूल वा वृद्ध असेल, तर गार पाणी झाल्यावर थेट रुग्णालय. आणखी एक भाजणे आपल्याकडे खास आहे: तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची ट्यूब. मूल ती दाबून खेळते आणि चुना डोळ्यात उडतो. चुना बुबुळाला आत आत जाळत जातो. डोळा चोळू न देता, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान अर्धा तास पाण्याने धुवा आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्या. धुण्यासाठी दवाखान्यात पोचण्याची वाट पाहिली तर बहुतेक नुकसान वाटेतच होऊन जाते.

चावे-दंश हा भाग घरी बरा करायचा नाहीच. पण पहिली पंधरा मिनिटे तुमचीच असतात. कुत्रा चावला, नुसता ओरखडला तरी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. मिरची, चुना, तेल, काही नाही. मग त्याच दिवशी लस सुरू करा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते हे खरे, पण लस सुरू करून. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल, आणि त्यापूर्वी घेतलेली लस जवळजवळ नक्की वाचवते. इतका सरळ हिशेब वैद्यकशास्त्रात क्वचितच सापडतो.

साप चावल्यावर आवळून बांधणे, कापणे, चोखणे, देवळात नेणे बंद. चावलेला हात-पाय लाकडी पट्टी बांधून स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका, १०८ ला फोन करा. आपल्या चार मुख्य विषारी सापांवर, म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यावर, एकच प्रतिविष चालते. त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि खूण नीट दिसतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड झाल्या असे पावसाळ्यात कुणी म्हणाले तर पित्ताची गोळी शोधत बसू नका. विंचवाचे कोकणात वेगळे: लाल विंचू चावल्यावर नुसते ठणकत असेल तर त्रास ओसरतो, पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे सुरू झाले तर हृदयावर परिणाम होतो आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध यावर वापरून दाखवले आणि मृत्यू खूपच कमी केले. हे औषध मात्र रुग्णालयातच द्यायचे असते.

उलट, जुलाबाचा उपचार जवळजवळ पूर्ण घरचा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलऱ्याने माणसे पटापट जात होती आणि सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचे पाणी पिंपात भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. आज आपण जिला जलसंजीवनी म्हणतो ती हीच.

मोठे पाकीट असेल तर ते अख्खे एक लिटर पाण्यात एकदम घाला. अंदाजाने अर्धे-अर्धे नको. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चाखून पाहा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर फेकून नवे करा. जास्त मीठ लहान मुलांना धोक्याचे असते. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, मोठ्यांना जेवढे जाईल तेवढे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचे दूध बंद करू नका. पेज, मऊ भात, ताक, केळे चालू ठेवा. मुलांना सोबत झिंक १४ दिवस द्यायचे असते, ते आशा सेविकेकडे मिळते. २४ तासांनी उरलेले पाणी ओतून द्या. दुकानातल्या गोड, रंगीत टेट्रापॅकला जलसंजीवनी समजू नका; त्यांतल्या साखरेने जुलाब वाढतात. अशा पेयांवर ‘ओआरएस’ छापायला एफएसएसएआयने २०२५ मध्ये बंदीच घातली आहे. मुलासाठी मुदत एक दिवस, मोठ्यांसाठी दोन. शौचातून रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल, यांतले काही दिसले तर लगेच जा.

तापात पॅरासिटामॉल हे औषध बरे, पण मोजून. मोठ्यांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ३.९ ग्रॅम होतात, आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते. दारू घेणाऱ्यांनी त्याहूनही बरेच खाली राहावे. मुलांचा डोस वजनावर ठरतो, किलोला १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला दीडशे. पण एका बाटलीत पाच मिलिलीटरमध्ये १२० असतात, दुसरीत २५०. म्हणजे पहिलीतून सहा मिलिलीटर द्यायचे तिथे दुसरीतून तीनच. चमचा तोच आणि बाटली बदलली, की डोस दुप्पट होतो. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर घरी काहीच करत बसू नका. पावसाळ्यात डेंग्यू असू शकतो, म्हणून अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घेऊ नका. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जपायचे असते: पोटदुखी, उलट्या, हिरड्यांतून रक्त हे तेव्हा सुरू होते.

उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन सर्दी बरी होत नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे आणि तरीही घेतल्या जातात. त्याहून कमी बोलले जाते ते गजकर्णावरच्या क्रीमबद्दल. औषध दुकानातून ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून आणलेल्या मिश्र क्रीममध्ये अनेकदा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते, आणि पुढे ती महिनोन्‌महिने हटत नाही. २०१८ पासून अशी स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे तुम्ही जाणताच. घरी करायचेच असेल तर ट्यूबवर एकटे क्लोट्रिमॅझोल लिहिलेले बघा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटांपर्यंत दिवसातून दोनदा लावा, आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा.

पाय मुरगळला तर पहिले दोन दिवस मालिश नाही, शेक नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, पाय उंच, लवचीक पट्टी. चार पावले टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर कळवळायला होत असेल, तर एक्स-रे काढून घ्या आणि मगच कुणाला हात लावू द्या. घोळणा फुटला तर डोके मागे नको, पुढे. नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरा. कांदा हुंगवायची गरज नाही.

छातीत दुखणे याला आपल्याकडे आधी ‘गॅस’ म्हणायची रीत आहे. छातीच्या मध्ये दडपण, ते डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारे, सोबत घाम; मधुमेही आणि बायकांमध्ये नुसता दम किंवा मळमळ. सोडा पिऊन वाट पाहण्याची मुदत इथे शून्य आहे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, ती बोलवा, आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. तोंड वाकडे, एक हात लुळा, बोलणे अडखळते, हे पक्षाघाताचे लक्षण. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्यामुळे कधी सुरू झाले ती वेळ लिहून न्या.

आणि दवाखान्यात जाताना घरी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका, आयुर्वेदिक, काढे, दुकानदाराने सुट्ट्या दिलेल्या, सगळ्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाच्या तपासणीत सापडतेच, फक्त उशिरा. पट्टीतून गोळ्या कापून घेताना नाव आणि मुदत छापलेली बाजू शेवटपर्यंत शाबूत राहील अशी कापा.